बाबांच्या टाचेविषयी

नागपूर, 6 मे

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू रागावलीस, म्हणून सविस्तर लिहिते. बाबांची शस्त्रक्रिया न करण्याचे आम्ही ठरवले, ते भीतीपोटी किंवा खर्चाकडे पाहून नव्हे.

बॅडमिंटन खेळताना मागून कोणी लाथ मारली असे वाटून त्यांनी वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते. पहिल्या दवाखान्यात पाय मुरगळल्याचे सांगून मलम आणि पट्टी दिली, कारण बाबांना पाऊल थोडे खाली दाबता येत होते. परंतु ते काम शेजारचे इतर स्नायूही करू शकतात, हे कोणी लक्षात घेतले नाही. त्यात तीन दिवस गेले. धंतोलीतील अस्थिरोगतज्ज्ञांनी मात्र त्यांना पालथे झोपवून दोन्ही पोटऱ्या दाबल्या. उजवे पाऊल हलले, डावे ढिम्म राहिले. पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा, जिला आपण टाचेवरची शीर म्हणतो, पूर्ण तुटली होती.

शस्त्रक्रियेशिवाय ती पुन्हा तुटते, हे तुझे म्हणणे निराधार नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेमधील 526 रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी 6.2 टक्के, तर केलेल्यांपैकी 0.6 टक्के रुग्णांची कंडरा पुन्हा तुटली. मात्र वर्षाअखेरीस पायाची क्षमता रुग्णांनी स्वतः जोखली तेव्हा दोन्हींत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही, आणि मज्जातंतूला इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत, त्यातही लहान छेदाच्या पद्धतीत, अधिक होते. टाचेमागची कातडी पातळ असते, तिथला रक्तपुरवठा बेताचा असतो आणि बाबांचा मधुमेह बारा वर्षांचा आहे. तिथे जखम चिघळली तर ती भरून यायला किती महिने लागतील, याचा विचार तूच कर. शिवाय पाऊल खाली वळवले की तुटलेली टोके एकमेकांजवळ येतात, हे सोनोग्राफीत दिसले. तसे नसते तर निर्णय बदलला असता. तू स्वतः या वयात आणि खेळाच्या नादात असताना तुझी शीर तुटली असती, तर मीच शस्त्रक्रियेचा आग्रह धरला असता.

हा उपचार म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे. टाचेखाली पाचरी घातलेला उंच बूट रात्रीही काढायचा नाही, तो घालूनच कुबड्यांच्या आधाराने पायावर भार द्यायचा, आणि डॉक्टर सांगतील तशा पाचरी एकेक करून कमी करायच्या. साधारण आठ आठवडे हे चालेल. नागपूरच्या मे महिन्यात असा बूट घालणे ही शिक्षाच आहे, म्हणून कूलर त्यांच्या पायथ्याशीच ठेवला आहे. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका दोन्ही उपचारांत असतो. पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली तर वाट न पाहता रुग्णालयात जाण्याचे सांगितले आहे.

बूट निघाल्यानंतरचे दिवस मला अधिक काळजीचे वाटतात, कारण बरे वाटू लागले की हे गृहस्थ जिन्यावरून धावतील. तेव्हा आता रजा वाया घालवू नकोस, जुलैत ये. फिजिओथेरपीला नेण्यासाठी आणि त्यांची रॅकेट लपवण्यासाठी मला तू तेव्हा हवी आहेस.

तुझी,
आई