चेहरा उजळायची एवढी घाई का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या व्हिडिओंचे रंग कसे सुधारावेत यावरचा लेख वाचला. गेली चौदा वर्षं मी व्हिडिओ संकलनाचं काम करते. म्हणजे तसे आपण दोघंही एडिटरच, तुम्ही शब्द कापता आणि मी दृश्यं. लेख सोपा आहे, नव्याने शिकणाऱ्याला धीर येईल असा आहे. पण त्यातल्या दोन सूचना वाचल्यावर गप्प बसवेना. एक, हवा तो रंग ड्रॉपरने उचलायचा आणि बाकीचं सगळं एका क्लिकमध्ये कृष्णधवल करायचं (लेखात उदाहरण लाल छत्रीचं). दुसरी, त्वचेचा रंग निवडून त्याचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, वाढवायचा, की चेहरा 'उजळतो'.

पहिलीबद्दल माझी स्वतःचीच फजिती सांगते. एका निवृत्त परिचारिकेची मुलाखत माझ्याकडे संकलनाला आली होती. आजी खिडकीशेजारी बसलेल्या, अंगात नारिंगी स्वेटर. तो इतका भडक दिसत होता की नजर चेहऱ्यावर ठरेचना. मी क्वालिफायर, म्हणजे रंगावरून भाग निवडायचं साधन, घेतला, स्वेटरवर टिचकी मारली आणि त्या रंगाचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, निम्म्यावर आणलं. स्वेटर निवला. खूश होऊन फाइल पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचा फोन: "आजीला त्या दिवशी ताप होता का हो?" पुन्हा उघडून पाहिलं तर आजींच्या तोंडाला राख फासल्यासारखी. तासभर मी स्वेटरकडेच बघत बसले होते, चेहऱ्याकडे नाही.

झालं असं, की क्वालिफायरला स्वेटर कळत नाही. त्याला तीन आकडे कळतात: ह्यू (लाल, पिवळा, निळा यांपैकी रंग कुठला), सॅच्युरेशन, ल्युमिनन्स. आणि माणसाच्या त्वचेचा ह्यू, मग माणूस कुठलाही असो, लाल आणि पिवळ्याच्या मधे कुठेतरी बसतो, म्हणजे नारिंगीच्या घरात. नारिंगी स्वेटर, लाकडी टेबल, विटांची भिंत आणि आजींचा गाल ही सगळी क्वालिफायरच्या लेखी भावंडं. तुमच्या लेखातल्या लाल छत्रीचंही तेच. छत्री लाल राहील हे खरं, पण छत्रीखालच्या मुलाचे ओठ आणि कानाच्या पाळ्याही गुलाबी राहतील, बाकी मूल करडं. हे एका क्लिकमध्ये होतं यात शंका नाही.

म्हणून काहीही बदलण्याआधी नेमकं काय निवडलं गेलंय ते बघायचं. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी हायलाइटचं बटण आहे: निवडलेला भाग तेवढा रंगीत दिसतो, बाकी सगळं करडं. मी ते उशिरा दाबलं. कपाळ आणि अर्धा गाल लख्ख रंगीत! मग ह्यूची पट्टी अरुंद केली. स्वेटरचं सॅच्युरेशन त्वचेपेक्षा बरंच जास्त होतं, म्हणून त्याची खालची मर्यादा वर ओढली. तरी बल्बच्या बाजूचा गाल काही सुटेना. शेवटी स्वेटरभोवती मास्क काढला, म्हणजे बदल तेवढ्याच भागात राहावा म्हणून कुंपण घातलं, आणि ते हालचालीबरोबर सरकावं म्हणून ट्रॅकर लावला, कारण आजी बोलताना सारख्या पुढे झुकत होत्या. त्यात जुनं काही आठवलं की त्या हात छातीवर ठेवायच्या. हात मास्कच्या आत आला की बोटं राखाडी. तेवढ्या जागा एकेक फ्रेम बघत निस्तराव्या लागल्या.

आणि एवढं करून कळलं ते वेगळंच. खोलीत पिवळा बल्ब होता, साधारण ३२०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), आणि खिडकीतून दिवसाचा उजेड, ५६०० च्या आसपासचा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची जुळणी, ऑटोवर, त्यामुळे तो मधेच रंग बदलत होता. आधी सबंध चौकटीचा व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर जागेवर आणलं असतं, तर स्वेटरचा अर्धा भडकपणा आपोआप गेला असता. नंतर मी तसंच केलं, आणि निवड जेमतेम दोन खुणांनी हलवून भागलं. अख्खं चित्र आधी, एकटा रंग नंतर, हा क्रम तुमच्या लेखात कुठेच नाही. चित्रण करण्यापूर्वी व्हाइट बॅलन्स लॉक करा, एवढं एक वाक्य असतं तरी वाचकांचे कितीतरी तास वाचले असते.

मोबाइलच्या चित्रणाची आणखी एक अडचण. ते बहुतेक ८ बिट, ४:२:० असतं. म्हणजे उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची नोंद चार पिक्सेलना मिळून एकच. रंगावरून निवड करायला गेलं की कडा करवतीसारख्या निघतात आणि व्हिडिओ चालू केला की नाचायला लागतात. निवडीला किंचित ब्लर दिला तर शांत होतात. जास्त दिला की वस्तूभोवती प्रभावळ. शिवाय ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६ च (१० बिटमध्ये १०२४), त्यामुळे फार ओढाताण केली की मोकळ्या आकाशात पट्टे उमटतात.

आता दुसरी सूचना, जिच्यामुळे खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. व्हेक्टरस्कोप नावाच्या आलेखात रंगाचा ह्यू कोनाने दिसतो आणि सॅच्युरेशन मध्यापासूनच्या अंतराने. त्यावर त्वचेची म्हणून एक रेघ असते. गोरा, सावळा, काळा, कोणाचाही चेहरा नीट चित्रित झाला असेल तर त्याचे ठिपके या एकाच रेघेच्या आसपास पडतात. फरक असतो तो मुख्यतः उजेडाचा, आणि उजेड या आलेखात दिसतच नाही. तेव्हा सावळा चेहरा ही दुरुस्त करायची चूक आहे असं निदान यंत्र तरी म्हणत नाही. चेहरा अंधारात राहिला असेल तर तो जरूर वर काढावा, मऊ कडेचा मास्क लावून, आसपासच्या उजेडाशी जुळेल इतका. पण तो प्रकाशयोजनेचा दोष झाला, माणसाचा नव्हे.

आणि नुसती त्वचा निवडून उजळली की काय होतं, ते तुम्ही छापलेल्या 'पूर्वी' आणि 'नंतर'च्या जोडीतच बघा. छपाईत थोडं इकडेतिकडे होतं हे धरूनही, 'नंतर'मध्ये गाल पिठासारखे झालेत आणि हनुवटीखालच्या सावलीत निवड पोचली नाही, म्हणून गळा दुसऱ्याच कोणाचा वाटतो. दात आणि डोळ्यांतलं पांढरं होतं तिथेच राहिलंय. चेहरा वर गेल्यामुळे तेच मळकट दिसतात. कपाळावरची चमक गेली, केसांच्या कडेला फिकट रेघ आली. ज्यांचा फोटो आहे त्या बाई 'पूर्वी'मध्ये चांगल्या दिसत होत्या. "जरा उजळ करा ना" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. दोन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या की बहुतेक जण स्वतःच म्हणतात, राहू दे आहे तसंच.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं खाली छापलं आहे. त्यात व्हाइट बॅलन्स आणि व्हेक्टरस्कोपसारखे स्कोप यांना जागा द्यावी, आणि ही फोटोंची जोडी बदलावी, एवढी विनंती.

आजींचा स्वेटर शेवटी मी नारिंगीच ठेवला, जरासा निवळलेला. नातीचा पुन्हा फोन आला नाही.

आपली,
एक वाचक (आणि संकलक)