पाच कवी, बारा मिनिटं

संपादक महोदय,
स. न.

परदेशातल्या मराठी कवींना प्रकाशक मिळत नाही, ही तक्रार अधूनमधून वाचायला मिळते. ती खरी आहे. पण अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई कवींनी प्रकाशकाची वाट बघणं केव्हाच सोडलं. उषा अकेल्ला आणि प्रमिला वेंकटेश्वरन यांनी २०१५ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनला ‘मतवाला’ हा कवितामहोत्सव सुरू केला. त्यात मुळचा देश कुठलाही असो, कवी एकत्र येऊन वाचतात. त्याआधी दोन वर्षं ‘द ग्रेट इंडियन पोएट्री कलेक्टिव्ह’ हे कवींनीच चालवलेलं प्रकाशन निघालं. तिथला नियम आम्हाला फार आवडतो: ज्याचं पुस्तक निघालं, त्याने पुढच्याच्या पुस्तकासाठी राबायचं. मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. १९७६ साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जुस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांनी ‘क्लिअरिंग हाउस’ असंच काढलं, आणि ‘जेजुरी’ पुस्तकरूपात तिथूनच आली.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांना हे जमण्यासारखं आहे. अडतं ते कविसंमेलनाच्या साच्यात. नव्वद मिनिटं आणि पंचवीस कवी. त्यातली वीस मिनिटं निवेदकाची (शेरोशायरीसकट). उरलेल्या वेळात कवीच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. तीस ओळींची कविता श्वास घेत वाचली तर दोन मिनिटं लागतात, म्हणजे माणशी एक कविता. घरी जाताना श्रोत्याला कोणाचंही नाव आठवत नाही. त्याऐवजी पाच कवी, प्रत्येकी बारा मिनिटं ठेवा आणि परिचय छापून वाटा. जागा महाविद्यालयातली, वेळ आठवड्यातल्या दुपारची. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थी फिरकत नाहीत. विभागप्रमुखांना एक शैक्षणिक सत्र आधी लिहावं. ऐनवेळी विचारलं की खोली मिळते, मानधन मिळत नाही.

वाचनाच्या टेबलावर पुस्तिका हवीच. सेंटर पिनच्या (मधोमध दुमडून पिना मारलेल्या) पुस्तिकेची पानं चारच्या पटीत येतात, बत्तीस पुरेत. मूळ मराठी डावीकडे, इंग्रजी अनुवाद उजवीकडे असेल तर पहिली कविता सम पानावर, म्हणजे चौथ्यावर सुरू करावी. पहिल्या तीन पानांत शीर्षक, हक्क आणि अनुक्रम, शेवटच्या पानावर कवीचा परिचय. मधल्या अठ्ठावीस पानांत चौदा कविता बसतात. ए-फाइव्ह आकारात अकरा पॉइंटचा देवनागरी टाइप आणि दोन ओळींत सोळा पॉइंटचं अंतर धरलं तर पानावर तीसेक ओळी मावतात. इंग्रजीला चौदा पॉइंट पुरतात, तरी तिथेही सोळाच ठेवा, नाहीतर समोरासमोरच्या ओळी खालीवर होतात. एखादी कविता एक ओळ जरी पुढच्या पानावर सांडली, की तिथून शेवटपर्यंत मूळ कवितेसमोर तिचा अनुवाद येत नाही. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर घ्या. आतल्या पानावर बारीक टाइपात ‘साहाय्य’ म्हणून नको.

छपाई अमेरिकेतच करावी. अमेरिकेत पुस्तकांसाठी ‘मीडिया मेल’ हा स्वस्त टपालदर आहे, पण तो देशांतर्गतच. कॅनडातल्या कवीला लागू नाही.

खरा घोळ अक्षरांचा. इथून जुन्या फॉन्टातली फाइल जाते, तिकडे ती युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) बदलतात. त्यात रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी भलत्याला चिकटते आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कम्पोझर’ ही देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय चालू नसेल तर जोडाक्षरांचे पाय मोडतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली नाही तर बऱ्याच फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मुद्रकाला देवनागरी वाचता येत नसल्यामुळे त्याला यातलं काहीच खटकत नाही. म्हणून फॉन्ट एम्बेड केलेली (फाइलमध्येच बसवलेली) पीडीएफच द्यावी, आणि तीही पडद्यावर तपासून थांबू नये. दुसऱ्या, सूर्य, ऱ्हास, किल्ल्यात, कृष्ण, ॲसिड हे शब्द असलेलं एक पान आधी कागदावर छापून मागवावं. ते बरोबर आलं तरच बाकीची एकतीस.

आपले,
द्वैभाषिक कवितांचे काही अनुवादक व अक्षरजुळणीकार