तक्रार पत्र: दोन सेलच्या टॉर्चची धोकादायक रचना आणि सदोष बटण

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन १८६५० सेलवर (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, पुन्हा भरता येणारे लिथियम सेल) चालणाऱ्या आपल्या टॉर्चचा सेलकप्पा असुरक्षित असल्याबाबत, बटणाच्या सदोष रचनेबाबत व पूर्ण परताव्याबाबत

महोदय,

सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडे आत, आमचे कुळागर आहे. पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल आणि मधून वाहणारा ओहोळ. पाऊस लागला की फांदी तारेवर पडून रात्रीची वीज जाणे आमच्याकडे नवे नाही, आणि नेमके त्याच रात्री चर तुंबला का, रानडुकरे शिरली का, हे बघायला बाहेर पडावे लागते. पायाखाली फुरसे, खालच्या फांदीवर हिरवा चापडा, असे विषारी साप असू शकतात. अशा वेळी टॉर्च ही आमच्यासाठी हौसेची वस्तू नसते. आपल्या जाहिरातीत ही टॉर्च खास शेतकऱ्यांसाठी, पावसासाठी आणि दोन सेलमुळे दुप्पट वेळ चालणारी म्हणून दाखवली आहे. ते वाचूनच मी ती मागवली.

आधी जे चांगले आहे ते सांगते. उजेड स्वच्छ आणि किंचित पिवळसर आहे, झोत मध्यभागी घट्ट आणि कडेला पसरट आहे, अॅल्युमिनियमचे अंग दणकट आहे. दिवा बनवणाऱ्याला त्याचे काम येते यात शंका नाही. पण दिवा बनवल्यानंतर तो कोणाच्या हातात जाणार, त्या हाताला चिखल असेल का, माणूस काळोखात असेल का, याचा विचार पुढे कोणीच केलेला नाही. माझी सगळी तक्रार तिथून सुरू होते.

पहिले बटण घेऊ. टॉर्चवर एकच बटण आहे. ते अंगाच्या पातळीतच बसवले आहे आणि त्यावरचे रबर स्पर्शाला आजूबाजूच्या पकडीसारखेच लागते. काळोखात अंगठ्याला ते सापडत नाही, टॉर्च हातात फिरवत राहावी लागते. या एका बटणावर सगळे लादले आहे: एकदा दाबले की दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो, दोनदा झटपट दाबले की सर्वांत प्रखर झोत, तीनदा दाबले की लुकलुक, धरून ठेवले की उजेड कमी-जास्त. ओल्या बोटाने बटण दाबले गेले की नाही हे कळत नाही, कारण दाबल्याची ठसठशीत टिचकी त्याला नाही. मग माणूस पुन्हा दाबतो, आणि त्या दोन दाबांचा अर्थ टॉर्च स्वतःच्या मनाने लावते.

याचा परिणाम काय झाला तो लिहिते. आमच्या कुळागरात वर्षानुवर्षे काम करणारे एक गृहस्थ रात्री भर पावसात ओहोळावरचा साकव ओलांडत होते. साकव म्हणजे पोफळीची खोडे आडवी टाकलेली, वर शेवाळ. मी मागे उभी होते. उजेड थोडा वाढवावा म्हणून त्यांनी बटण दाबले आणि टॉर्च लुकलुकू लागली. पावसाच्या प्रत्येक थेंबावर ती लखलख उमटत होती. पाय कुठे ठेवायचा ते दिसेना. विझवायला त्यांनी घाईने पुन्हा दाबले तर प्रखर झोत लागला, समोरच्या धुक्यावर आदळून डोळ्यांत आला. त्यांचा एक पाय खोडावरून घसरून पाण्यात गेला. सुदैवाने हाताला वेल लागली आणि ते सावरले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘बाय, ही नाका. म्हजी जुनीच बरी.’’ तेव्हापासून ते ती हातात घेत नाहीत, आणि मी त्यांना तसा आग्रह करणारही नाही.

काळोखाला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एक प्रखर झोत तो सराव क्षणात मोडतो. म्हणून विझलेल्या टॉर्चचा पहिला दाब नेहमी मंद उजेडाचाच असला पाहिजे. आपली टॉर्च मात्र शेवटी ज्या उजेडावर विझवली तोच लक्षात ठेवते. काल कोणी प्रखर झोतावर विझवली असेल, तर आज घरात झोपलेल्या माणसांच्या तोंडावर तोच पेटतो. लुकलुक ही सोय कोणाला हवी असेल तर असो, पण ती रोजच्या दाबांच्या वाटेत असू नये. आणि बटण कुलूपबंद करण्याची सोय तर अजिबातच नाही. बाजारात दोन सेलची कितीतरी उपकरणे चार-पाच दाबांनी बंद-कुलूप होतात. आपली टॉर्च कापडी पिशवीत नारळांच्या दाबाने पेटली आणि पिशवी हाताला कढत लागेपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता.

हे सगळे मी एक वेळ गैरसोय म्हणून सोडले असते. सेलकप्प्याचे तसे नाही, तो सरळसरळ धोका आहे. मी उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे, म्हणून कप्पा उघडून मल्टिमीटर लावून पाहिला. दोन्ही सेल काढून मीटरच्या टोच्या कप्प्यातल्या दोन्ही धन टोकांना लावल्या, मीटर वाजला, म्हणजे ती टोके आतून जोडलेली आहेत. दोन्ही ऋण टोकांना लावल्या, तरी वाजला. म्हणजे दोन्ही सेल समांतर, एकमेकांना थेट जोडलेले आहेत. मध्ये फ्यूज नाही, डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नाही, काहीच नाही. सेलची लांबी मोजली तर ६५ मिलिमीटरच भरली. आत संरक्षक सर्किट असलेला सेल साधारणपणे त्याहून तीन-चार मिलिमीटर लांब असतो, तेव्हा सेललाही स्वतःचे संरक्षण नाही असेच दिसते.

आता आपल्याच माहितीपुस्तिकेचा सल्ला पाहा. टॉर्च एका सेलवरही चालते, दुसरा खिशात राखून ठेवा आणि पहिला उतरला की तोही घाला, असे त्यात छापले आहे. उतरलेला सेल ३.३ व्होल्टवर आणि भरलेला ४.१ व्होल्टवर आहे असे धरू. फरक ०.८ व्होल्टचा. दोन्ही सेलचा आतला रोध आणि स्प्रिंगांचा रोध मिळून ०.१ ओहमच्या आसपास धरला, तर भरलेल्या सेलमधून उतरलेल्या सेलमध्ये पहिल्या क्षणी ८ अँपिअरचा प्रवाह धावतो. २६०० मिलिअँपिअर-तासांचा साधा सेल भरायला नेहमीचा प्रवाह १.३ अँपिअरचा असतो. म्हणजे आपण ग्राहकाला नेहमीच्या सहापट प्रवाहाने सेल भरायला सांगत आहात, तोही हातात धरलेल्या बंद धातूच्या नळीत. समांतर जोडणीत दोन्ही सेल एकाच बनावटीचे, एकाच वयाचे आणि सारखे भरलेले असले पाहिजेत, हा या धंद्यातला पहिला नियम. पुस्तिकेत तो कुठेच नाही, उलट तो मोडायला सांगितले आहे.

त्याहून गंभीर म्हणजे उलटा सेल. कप्प्याच्या दोन्ही टोकांना सारखीच स्प्रिंग आहे, त्यामुळे सेल कसाही घातला तरी टेकतो. अधिक-उणे ही खूण काळ्यावर काळी, कप्प्याच्या तळाशी कोरलेली आहे आणि एक सेल बसला की ती त्याच्याखाली झाकली जाते. दिवसा, चष्मा लावून, तिरका उजेड पाडल्यावर मला ती दिसली. रात्री पावसात कोणाला दिसणार? एक सेल सुलट आणि एक उलट बसला तर दोन्ही मिळून ७.४ व्होल्टचे सरळ शॉर्टसर्किट होते. टॉर्च बंद असली तरी होते, कारण बटण त्या वाटेत येतच नाही. तिथे वाहणारा प्रवाह दोन आकडी अँपिअरमध्ये असेल. लिथियम सेल अशा वेळी तापतो, फुगतो, त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो आणि पेट घेऊ शकतो.

यावरचे उपाय साधे आहेत. धन टोकाचा संपर्क प्लॅस्टिकच्या दोन उंचवट्यांमध्ये आत घ्यायचा आणि वर बोंड असलेले सेल द्यायचे, म्हणजे उलटा सेल टेकतच नाही. प्रत्येक सेलच्या वाटेत एक मॉस्फेट (उलटा प्रवाह अडवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि एक फ्यूज घालता येतो. निदान अधिक-उणे पांढऱ्या रंगाने, कप्प्याच्या काठावर, सेल बसल्यावरही दिसेल असे छापता येते.

कप्प्याच्या दारापाशी पत्र्याची एक धारदार कड राहून गेली आहे. सेल काढता-घालताना ती वेष्टनाला घासते. एका सेलच्या वेष्टनाला धन टोकाजवळ नखाएवढी खाच पडलेली आहे, छायाचित्र सोबत जोडले आहे. १८६५० सेलचा सगळा पत्रा ऋण असतो, धन टोक आणि तो पत्रा यांच्यात फक्त एक पातळ चकती आणि हे वेष्टन असते. त्यामुळे ती खाच मला क्षुल्लक वाटत नाही. तो सेल मी वापरणे थांबवले आहे. दोन्ही सेलवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह किंवा नोंदणी क्रमांकही मला सापडला नाही. अशा सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक असेल तर तो कळवावा.

बाकीचे थोडक्यात. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे, आयपी अंक (धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा) नाही. आयपीएक्स४ म्हणजे उडणारे शिंतोडे आणि आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पैकी आपले काय, ते आम्ही समजायचे कसे? चार्जिंगच्या खाचेवरचे रबर पहिल्या पावसातच सैल झाले. खाच टाइप-सी आहे, पण दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जिंग सुरूच होत नाही, फक्त सोबत दिलेल्या केबलवर होते. चार्जरला उपकरण ओळखू देणारे आतले ५.१ किलोओहमचे दोन रोध वगळले की नेमके असे होते, आणि त्यांची किंमत काही पैसे असते. सेल किती उरला ते दाखवणारा दिवा बराच वेळ हिरवा राहतो, मग लाल होतो आणि जरा वेळात टॉर्च विझते. लिथियम सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) मधल्या पट्ट्यात फारसा उतरत नाही आणि शेवटी एकदम कोसळतो. हे धरून लाल दिव्याची पातळी वर ठेवली असती, तर माणसाला निदान घरी परतण्याइतका इशारा मिळाला असता. खोक्यावर सर्वाधिक ल्युमेन आणि सर्वाधिक तास शेजारी-शेजारी छापले आहेत, जणू दोन्ही एकाच वेळी मिळतात. तास कोणत्या उजेडावरचे आहेत हे लिहायला हवे होते.

आपल्या ग्राहक सेवेला मी फोन केला होता. पलीकडच्या मुलीने सौजन्याने ऐकून घेतले, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तिच्यापुढच्या यादीत ‘चार्ज करून पाहा’ आणि ‘रीसेट करा’ एवढीच उत्तरे होती. सेल समांतर जोडलेले आहेत का, याचे उत्तर देऊ शकेल अशा कोणाकडेही फोन जोडून मिळाला नाही. म्हणून हे लेखी पत्र.

माझी मागणी अशी आहे. टॉर्चची पूर्ण किंमत परत मिळावी आणि ती परत नेण्याची व्यवस्था आपण करावी. खाच पडलेला सेल मी कुरिअरने पाठवणार नाही, तो सुरक्षितपणे उचलून नेण्याची सोय कळवावी. पैशांइतकेच महत्त्वाचे म्हणजे, एक उतरलेला आणि एक भरलेला सेल एकत्र घालण्याचा सल्ला आपण आजच मागे घ्यावा आणि ज्यांनी ज्यांनी ही टॉर्च घेतली आहे त्यांना तसा संदेश पाठवावा. ऑर्डरसोबत त्यांचे मोबाइल क्रमांक आपल्याकडे आहेतच. सूचना मराठी, कोंकणी आणि हिंदीतही द्याव्यात. ही टॉर्च शेतकऱ्यांना विकता आणि तिची पुस्तिका फक्त इंग्रजीत छापता, हे मला पटत नाही. पुढच्या मालात कप्पा बदलेपर्यंत विक्री थांबवावी, अशी माझी स्पष्ट विनंती आहे.

ही टॉर्च मी आपल्याच संकेतस्थळावरून घेतली आहे. ई-वाणिज्य नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ खाली सदोष रचना आणि वापराच्या अपुऱ्या सूचना या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार धरला जातो. महिन्याभरात निवारण झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि गोव्यातच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो तिथे तक्रार करण्याची सोय कायद्याने दिली आहे. आपला तांत्रिक विभाग माझ्याशी बोलू इच्छित असेल तर मोजमापांची वही घेऊन मी केव्हाही बोलायला तयार आहे.

कळावे,

आपली,
एक ग्राहक
सत्तरी, गोवा

सोबत: बिलाची प्रत, सेलकप्प्याची व वेष्टनावरील खाचेची छायाचित्रे, मल्टिमीटरच्या नोंदी, नाव-पत्त्याचे स्वतंत्र पान