भुसावळच्या नानांना, मेलबर्नच्या पत्त्यावर

ति. नानांना सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. एकट्यात आभार मानले की तुम्ही "बरं, ठेवू का?" म्हणत फोन ठेवता.

भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून हयात काढलीत, मुलाकडे मेलबर्नला गेलात आणि तिथं 'ग्रेट मेलबर्न टेलिस्कोप' या जुन्या, मोठ्या दुर्बिणीच्या दुरुस्तीत स्वयंसेवक म्हणून पुन्हा हात काळे करून घेतलेत. वर आमच्या चाळीसगावच्या पोरांना व्हिडिओ कॉलवर तिचा भाग न् भाग दाखवलात.

मला सगळ्यात भावलं ते हे, की तुम्ही कौतुकाआधी तिची फजिती सांगितलीत. डब्लिनच्या थॉमस ग्रब यांनी घडवलेली ही दुर्बीण 1869 मध्ये मेलबर्नला उभी राहिली. आरसा 48 इंची, तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा, वजन टनाच्या आसपास. प्रवासात खराब होऊ नये म्हणून त्यावर लाखेचा थर दिला होता, तो काढतानाच पॉलिश बिघडलं. उघड्यावरची नळी वाऱ्यानं हलायची. बांधणी होती डोळा लावून चित्रं काढण्यासाठी, आणि जमाना येत होता फोटोग्राफीचा. 1904 मध्ये जॉर्ज रिची या अमेरिकी दुर्बीणकारानं लिहिलं, की या अपयशानं मोठ्या आरशांच्या दुर्बिणींवरचा विश्वासच उडाला आणि त्यांची प्रगती कितीतरी वर्षं खोळंबली. इतकी बदनाम दुर्बीण दुरुस्त कशाला करायची, असं एका पोरानं तोंडावर विचारलं. तुम्ही हसलात, कॅमेरा फिरवलात.

पुढे कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेत काचेचा 50 इंची आरसा बसवून तिनं 1990 च्या दशकात कृष्णद्रव्याच्या, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाच्या, शोधात काम केलं होतं. जानेवारी 2003 च्या वणव्यात ती वेधशाळा जळाली. नवे भाग गेले, पण ग्रबच्या कारखान्यातलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, टिकलं. 2008 मध्ये ते मेलबर्नला परत आलं. त्यातल्याच एका ओतीव भागावर थाप मारून तुम्ही म्हणालात, "हाई भंगार नही शे!" गच्चीवर टाळ्या पडल्या.

हरवलेले भाग जोडीदार भागांवरून मापं घेऊन पुन्हा कसे घडवतात, हे ऐकताना आमचा आयटीआयचा पोरगा वहीतून मान वर काढत नव्हता.

"आपल्याकडं होती का अशी?" या प्रश्नावर तुम्ही "शोधा" एवढंच म्हणालात. शोधली, नाना. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये खगोलशास्त्रज्ञ कावसजी नेगमवालांची 20 इंची दुर्बीण होती, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेल्या वेधशाळेत. तीही ग्रबच्याच कारखान्याची! 1912 मध्ये ती कोडाईकनालला गेली. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख दाखवायला नेलं तर हीच पोरं जांभया देतात. हे मात्र स्वतः शोधलं म्हणून घरोघरी सांगत सुटलीत.

माईंना नमस्कार. दुर्बीण फिरवणारं वजनाचं घड्याळयंत्र दाखवायचं राहिलंय, तेवढं पुढच्या कॉलला दाखवा. आयटीआयवाल्यानं वहीची दोन पानं कोरी ठेवलीत.

आपला,
चाळीसगावच्या आकाशदर्शन गटातला एक मास्तर