फुकट तिकीट, वर छत्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकारणातून उद्योगात शिरलेल्या पुढाऱ्यांवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. पुढारी धंद्यात पडला म्हटले की आम्हा कोकणातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे खाणी, रिसॉर्ट आणि किनाऱ्यालगतचे सातबारे येतात. लेखातही तीच मंडळी होती. पण राजकारणानेच ज्याला धंद्यात ओढले आणि त्यापायी जो पुरता धुऊन निघाला, अशा एका माणसाचे नाव त्यात हवे होते. ते म्हणजे व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै.

जन्म १८७२, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तुतिकोरिनला वकिली, आणि टिळकांवर अपार निष्ठा. वंगभंगानंतर स्वदेशीवर भाषणे ठोकणारे पुष्कळ होते. या गृहस्थाने थेट आगबोटीची कंपनी काढली. तुतिकोरिन ते कोलंबो ही वाहतूक तेव्हा ब्रिटिश इंडिया (बी. आय.) या गोऱ्यांच्या आगबोट कंपनीच्या मुठीत होती. (बी. आय. कोण, हे आमच्याकडच्या जुन्या खलाशांना सांगावे लागत नाही. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांची चूल तिच्याच पगारावर पेटली.) ऑक्टोबर १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. भांडवल १० लाख, शेअर २५ रुपयांचा. सुरुवातीला बोटी भाड्याने घेतल्या, तर बी. आय.ने मालकावर दडपण आणून तो व्यवहार मोडायला लावला. मग ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या दोन बोटी विकतच घेतल्या.

पुढे भाड्यावरून जुंपली. गोऱ्यांनी तिकीट एक रुपयावर आणले, स्वदेशीने आठ आण्यांवर. तेव्हा गोऱ्यांनी फुकट प्रवास आणि वर एकेक छत्री देऊ केली म्हणतात. हा किस्सा सगळे चवीने सांगतात, पण माझ्या मते कंपनी छत्रीपायी बुडाली नाही, ती संचालकांच्या भित्रेपणामुळे बुडाली. १९०८ च्या सुरुवातीला पिळ्ळै तुतिकोरिनच्या कोरल मिल या सूतगिरणीतल्या संपकऱ्यांमागे उभे राहिले. संचालकांना नफा हवा होता, सरकारचा रोष नको होता. मार्चमध्ये पिळ्ळैंना अटक झाली आणि ७ जुलैला दोन जन्मठेपा, म्हणजे ४० वर्षे. त्याच महिन्याच्या २२ तारखेला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पिळ्ळैंची शिक्षा अपिलात कमी झाली खरी, पण कोइमतूरच्या तुरुंगात त्यांना बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपले. बाहेर १९११ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. डिसेंबर १९१२ मध्ये सुटून आले तेव्हा वकिलीची सनदही नव्हती आणि पैसाही. मद्रासला दुकान टाकून पाहिले. वॉलेस नावाच्या इंग्रज न्यायाधीशामुळे पुढे सनद परत मिळाली, तर मुलाचे नाव त्याच्यावरून वालेश्वरन ठेवले! १९३६ मध्ये ते वारले. आज तुतिकोरिनच्या बंदराला त्यांचे नाव आहे.

आपल्या किनाऱ्यावरही अशी एक कंपनी होती. इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशनला लोक ‘माझी आगबोट’ म्हणत. बोटींची नावे ‘तुकाराम’, ‘रामदास’. त्यातली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

हल्ली रो-रो बोटीचा विषय निघाला की भाडे किती, गाडी चढवता येईल का आणि बोट लागेल का, एवढीच चौकशी होते. बोट कोणाच्या मालकीची, हे कोणी विचारत नाही. उतारू बोटीचा परवाना देताना थोडे शेअर, तेही चाकरमान्याच्या खिशाला परवडतील असे, किनाऱ्यावरच्या लोकांसाठी राखून ठेवण्याची अट घालायला काय हरकत आहे? आपल्या वार्ताहराने हे एकदा मेरीटाइम बोर्डाला विचारावे आणि जे काही उत्तर मिळेल ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भाट्ये, रत्नागिरी