समुद्रावर कुठे जायचे : लीड्सच्या लेकीस पत्र

॥ श्री ॥
रत्नागिरी,
चैत्र वद्य पंचमी

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप आणि सोबतची अकरा ठिकाणांची यादी मिळाली. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात मुलांच्या शाळेला सुट्टी आहे, आम्ही दोघे तेव्हा इंग्लंडमध्ये लीड्सला तुमच्याकडेच असू, त्यातले पाच दिवस समुद्रकिनारी घालवायचे आहेत आणि कुठे जायचे ते बाबांनी ठरवावे, असे तू लिहिले आहेस. हे काम मी आनंदाने अंगावर घेतले आहे. दोन दिवस नकाशा समोर ठेवून विचार केला आणि अकरातील आठ नावांवर काट मारली. उरलेल्या तिघांतच पाच दिवस कसे घालवावेत आणि का, ते सविस्तर लिहितो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हाची सहल तुला आठवत असेल. तेव्हाही यादी मीच केली होती. तीन दिवसांत पाच गावे. रॉबिन हूड्स बे या गावी आपण दुपारी पोहोचलो, गाडी वर टेकडीवर ठेवून तो तीव्र उतार उतरून खाली गेलो, तर वाळूचा मागमूस नव्हता. भरतीचे पाणी थेट गावाच्या उताराला येऊन भिडले होते. नातू हातात बादली आणि फावडे घेऊन तासभर उभा होता आणि मग रडू लागला. पुढचे गाव गाठायचे होते म्हणून ओहोटीची वाट न पाहता आपण त्याला तसाच उचलून वर नेले. जन्म कोकणात काढलेल्या माणसाने समुद्रावर जाताना भरतीची वेळ पाहू नये, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून या वेळी गावे निवडण्याआधी मी पंचांग उघडले.

आपल्याकडे तिथीच्या पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे तुला तुझ्या आजोबांनी शिकवले होते. तो हिशेब तिकडे लागू पडत नाही, कारण प्रत्येक बंदराची भरतीची वेळ निराळी असते. मात्र चंद्र तोच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे लहान भरती, हे यॉर्कशायरच्या व्हिटबी बंदरावरही तसेच चालते, आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हेही तसेच. उधाणाच्या दिवसांत त्या किनाऱ्यावर पाणी सुमारे पाच मीटर चढते-उतरते, म्हणजे रत्नागिरीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे सकाळी जिथे मुले वाळूचे किल्ले करतात तिथे दुपारी डोक्यावरून पाणी असते. तिकडे गाव निवडणे आणि वेळ निवडणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आधी वगळलेल्या नावांविषयी. कॉर्नवॉल सुंदर आहे यात शंका नाही, परंतु लीड्सहून तिथे पोहोचण्यात एक पूर्ण दिवस आणि परतण्यात दुसरा जातो, आणि दोन लहान मुलांसह ते मला मान्य नाही. ब्रायटनलाही अंतराचीच अडचण आहे, शिवाय तिथला किनारा गोट्यांचा आहे. धाकटीला अनवाणी धावायला वाळू हवी. ब्लॅकपूलची खरी ओळख म्हणजे तिथली दिव्यांची रोषणाई, आणि ती शरद ऋतूत असते. उरतो तो यॉर्कशायरचा किनारा, तुमच्या घरापासून सर्वांत जवळचा. जवळचा म्हणून तो कमी मोलाचा वाटू देऊ नकोस.

माझे मत असे की मुक्काम एकाच ठिकाणी, व्हिटबीला करावा. चार रात्री तिथेच. जावईबापूंना गाडी चालवायचा कंटाळा आला तर लीड्सहून यॉर्क, मॉल्टन, पिकरिंग या मार्गाने व्हिटबीला बसही जाते आणि ती माळरानावरून जाते. पिकरिंगहून वाफेच्या इंजिनाची जुनी गाडीही निघते. तो रेल्वेमार्ग १८३६ साली जॉर्ज स्टीफन्सन यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि प्रारंभी त्यावर डबे घोडे ओढत असत. नातवाला ते नक्की सांग.

व्हिटबीत काय पाहावे याविषयी मला थोडे लांबून सांगावे लागेल, कारण या गावावर माझा जीव आहे. एस्क नदीच्या मुखाशी, दोन कड्यांच्या मधे वसलेले हे बंदर. पूर्वेच्या कड्यावर मठाचे भग्नावशेष आणि पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या हाडांची कमान. तिथला पहिला मठ इसवी सन ६५७ मध्ये हिल्ड या साध्वीने स्थापन केला. तिच्याच मठात ६६४ साली मोठी धर्मसभा भरली, आणि वाद कशावरून, तर ईस्टर कोणत्या दिवशी पाळायचा यावरून. ईस्टरची तारीख चंद्रावर अवलंबून असते आणि आयर्लंडकडून आलेल्या परंपरेचे गणित रोमच्या गणिताशी जुळत नव्हते. बीड या इतिहासकार भिक्षूने लिहून ठेवले आहे की राजाचा ईस्टर साजरा होऊन गेला तरी राणीचा उपवास अजून सुरूच, असे त्या राजवाड्यात घडत असे. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा ज्या घराने पाहिल्या आहेत, त्या आपल्या घराला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. तुझ्या आईला मी हे वाचून दाखवले तेव्हा तिने लगेच विचारले की शेवटी कोणाचे पंचांग मानले. रोमचे मानले.

त्या मठाकडे जायला १९९ पायऱ्या आहेत. आईच्या गुडघ्यांचा विचार करून मी आधी हे ठिकाण सोडूनच देणार होतो. परंतु वाटेत टेकायला रुंद बाक आहेत (पूर्वी शवपेटी वर नेणारे लोक ती त्यांवर ठेवून दम खात), आणि ज्यांना चढायचे नाही त्यांच्यासाठी मागच्या बाजूने गाडीरस्ता थेट वर जातो. तेव्हा आई आणि बाबागाडीतली धाकटी जावईबापूंबरोबर रस्त्याने येतील. नातू आणि मी पायऱ्या मोजत येऊ.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त दाखवायची आहे ती. व्हिटबीच्या किनाऱ्यावरील खडकांत गुंडाळी झालेल्या सापासारखे दगड सापडतात. हिल्डने तिथले साप दगड करून कड्यावरून खाली टाकले, अशी लोककथा आहे, आणि जुने कारागीर या दगडांना सापाचे डोके कोरून विकतही असत. खरे पाहता ते अमोनाइट या समुद्री प्राण्याचे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत. त्यांतील एका जातीला शास्त्रज्ञांनी हिल्डचेच नाव देऊन हिल्डोसेरस म्हटले आहे. ताई, आपल्या देवघरातला शाळिग्राम आठव. गंडकी नदीतून येणारा तो काळा दगडही अमोनाइटचाच जीवाश्म आहे, आणि आत दिसणारी चक्राची खूण ही त्या प्राण्याच्या शंखाची वेटोळी आहेत. त्यांच्याकडे साध्वीचा साप, आपल्याकडे विष्णूचे चक्र. माझ्या आईने साठ वर्षे ज्याला रोज तुळस वाहिली, त्याचा भाऊबंद नातवाने उत्तर समुद्राच्या वाळूतून स्वतःच्या हाताने उचलावा, एवढीच माझी या सहलीकडून इच्छा आहे. शोधायला जाताना ओहोटी सुरू झाल्यावर निघायचे आणि पाणी वळायच्या आत परतायचे. कड्याच्या अगदी पायथ्याशी थांबायचे नाही, कारण तो कडा ठिसूळ आहे आणि दरडी कोसळतात. आणि जे सुटे पडले असेल तेवढेच घ्यायचे, कड्यावर हातोडी चालवायची नाही.

त्याच गावातील ग्रेप लेनमधल्या जुन्या घरासाठी अर्धा दिवस राखून ठेव. पुढे दर्यावर्दी म्हणून गाजलेला जेम्स कुक हा शेतमजुराचा मुलगा १७४६ साली जहाजमालक जॉन वॉकर यांच्याकडे उमेदवारीला लागला, ते हे घर. आता तिथे संग्रहालय आहे. ज्या एंडेव्हरमधून तो पुढे पॅसिफिकला गेला ती मुळात व्हिटबीत बांधलेली कोळसावाहू बोट होती. कोळशाच्या या बोटींचा तळ सपाट असे, म्हणजे ओहोटीला त्या वाळूवर सरळ बसत, माल उतरवला जाई आणि भरतीला त्या पुन्हा तरंगत. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या खडकावर आपटून एंडेव्हर फुटली, तेव्हा ती किनाऱ्यावर ओढून दुरुस्त करता आली ती याच सपाट तळामुळे. मिरकरवाड्याच्या होड्या पाहत वाढलेल्या तुला हे वाचायला आवडेल.

दुसरे ठिकाण रॉबिन हूड्स बे. तिथे पुन्हा जायचेच, नातवाची ती बादली अजून रिकामी आहे. ज्या दिवशी दुपारी बारा-एकच्या सुमारास ओहोटीचा तळ असेल, तोच दिवस तिथला. पाणी उतरले की तिथे वाकलेल्या पट्ट्यांसारखा रुंद कातळ उघडा पडतो आणि त्यातील खळग्यांत कुर्ल्या, तारामासे आणि समुद्रफुले दिसतात. हाताने दगड उचलून पाहावा आणि तो पुन्हा तसाच ठेवावा, म्हणजे खालचे जीव मरत नाहीत. आईने खाली उतरू नये असे मला वाटते. उतरणे जमेल, पण परत चढणे फार होईल. त्या दिवशी तिला व्हिटबीत राहू दे. पश्चिमेच्या कड्यावर बसून समुद्र पाहणे तिला पुरते, हे तिनेच सांगितले आहे.

तिच्यासाठी म्हणून एक जोड सुचवतो. व्हिटबीपासून उत्तरेला तासाभराच्या आत सॉल्टबर्न आहे. तिथे कड्यावरून खाली वाळूवर नेणारा पाळणा १८८४ पासून चालतो, आणि तो पाण्याच्या वजनावर चालतो. एकाच दोराला दोन डबे बांधलेले. वरच्या डब्याखालील टाकीत पाणी भरत जायचे, तो खालच्यापेक्षा जड झाला की उतरू लागतो आणि खालचा वर येतो. खाली पोहोचल्यावर पाणी सोडून देतात. समोरच १८६९ चा लाकडी फळ्यांचा धक्का समुद्रात गेला आहे. त्यावरून आई सपाटीने चालत पाण्यापर्यंत जाऊ शकेल. ही अर्ध्या दिवसाची गोष्ट आहे, म्हणून तिला मी तीन ठिकाणांत धरलेले नाही.

तिसरे ठिकाण बेम्प्टनचे कडे, आणि ते परतीच्या वाटेवर. खडूच्या दगडाचे सुमारे शंभर मीटर उंचीचे हे सरळ कडे आहेत आणि वसंतात त्यांवर लाखो समुद्रपक्षी वसतीला येतात. पफिन हा रंगीत चोचीचा लहानसा पक्षी साधारण एप्रिल ते जुलै एवढाच तिथे असतो, ऑगस्टमध्ये गेलेल्यांना तो भेटत नाही. उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीऐवजी मेची सुट्टी चांगली असे मी म्हणत होतो, त्याचे मुख्य कारण हे. गॅनेट हा मोठा समुद्रपक्षी मात्र खूप दिवस राहतो. दोन मीटरच्या पंखांनी तो कड्याच्या कडेला डोळ्यांच्या पातळीवर तरंगतो, तेव्हा माणूस बोलायचे विसरतो. एके काळी लोक होड्यांतून येऊन केवळ मौजेसाठी हे पक्षी मारत. ते थांबावे म्हणून झालेल्या खटपटीतून १८६९ साली इंग्लंडमध्ये समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. पाहण्यासाठी कठडे बांधलेले आहेत. धाकटीला तरीही उचलूनच घ्यावे. दुर्बीण मी आणतो.

स्कारबरो वगळल्याचे तुला आश्चर्य वाटेल. समुद्रस्नानासाठी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा नावारूपाला आलेल्या गावांपैकी ते एक आहे, आणि लेखिका ॲन ब्राँटे यांची समाधी किल्ल्याजवळच्या चर्चच्या आवारात आहे. परंतु मेच्या शेवटच्या सोमवारी तिथे सार्वजनिक सुट्टीची गर्दी लोटते, आणि आपण ते एकदा पाहिले आहे. पाऊस लागून राहिला तर तिथले गोल इमारतीतले जीवाश्मांचे संग्रहालय पाहायला एक दुपार जाऊ.

खाण्याविषयी एक गोष्ट जपायची आहे. यॉर्कशायरमध्ये मासे आणि बटाट्याचे काप पुष्कळ ठिकाणी गाईबैलांच्या चरबीत तळतात. तीच तिथली जुनी रीत आहे आणि चवीसाठी लोक ती आवडीने सांभाळतात. आईला ते चालणार नाही. मागवण्याआधी कशात तळता असे स्पष्ट विचारावे. वनस्पती तेल वापरणारी दुकानेही असतात आणि विचारल्याचा कोणी राग मानत नाही. मुक्कामासाठी चूल असलेले घर घे, म्हणजे सकाळचा मऊ भात आणि मेतकूट तिला मिळेल.

वारा पूर्वेचा झाला की थंड समुद्रावरून दाट धुके किनाऱ्यावर येते. तिकडे त्याला सी फ्रेट म्हणतात. आत मैलभरावर लख्ख ऊन आणि किनाऱ्यावर दहा पावलांवरचे दिसत नाही, असे होते. तशा दिवशी कातळावर कोणीही उतरायचे नाही, तो दिवस संग्रहालयाचा किंवा वाफेच्या गाडीचा. मुलांच्या लोकरी टोप्या मे महिना म्हणून घरी ठेवू नकोस. पोहायचे असेल तर लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच.

व्हिटबी आणि रॉबिन हूड्स बे या दोन्ही ठिकाणच्या त्या आठवड्यातील भरती-ओहोटीच्या वेळा तिकडे छापील मिळतात. त्या मिळाल्या की लगेच मला पाठव, म्हणजे पाच दिवसांचा क्रम लावून कळवतो. तोवर घर मात्र आजच ठरव, सुट्टीच्या आठवड्यात ते उरत नाही. जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा. आई कोकमाचे आगळ आणि मेतकूट बांधते आहे, आणखी काही हवे असल्यास लिही.

तुझे,
बाबा