रिटर्न गेलं तरी १५ एप्रिलपर्यंत वेळ आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

अमेरिकेतलं टॅक्स रिटर्न फेब्रुवारीतच गेलं, आता २०२५ साठी आयआरएत (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात) काही टाकता येणार नाही, असं बाबा फोनवर म्हणाले. तसं नाही. रिटर्न आधी गेलेलं असलं तरी २०२५ चे पैसे १५ एप्रिल २०२६ पर्यंत टाकता येतात. रिटर्न भरायला एक्स्टेन्शन (मुदतवाढ) घेतलं तरी ही तारीख मात्र पुढे सरकत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्याला २०२५ साठी ८,००० डॉलरची मर्यादा आहे. आई, तू नोकरी करत नसलीस तरी तुमचं रिटर्न जॉइंट आहे, म्हणून बाबांच्या पगारावर तुझ्या नावानेही तेवढेच टाकता येतात. खातं मात्र तुझं वेगळं हवं. जॉइंट आयआरए नसतोच. दोघांचे मिळून जितके टाकाल, तितकी तरी बाबांची कमाई असावी लागते. डब्ल्यू-२ च्या (कंपनीकडून मिळणाऱ्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मच्या) पहिल्या चौकटीत ११,००० असतील, तर दोघांचे मिळून ११,०००च. सोशल सिक्युरिटी, पेन्शन, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, भारतातल्या एनआरओ खात्यातल्या एफडीचं व्याज यांवर कर भरत असलात तरी इथे ती कमाई धरत नाहीत. आपल्या लोकांची गल्लत होते ती इथेच. जादा भरलेली रक्कम वेळेत काढली नाही, तर ती खात्यात राहील तितकी वर्षं दरवर्षी ६ टक्के दंड बसतो. वयाची काळजी नको, साडेसत्तर वर्षांनंतर पैसे टाकता न येण्याची जुनी अट २०२० पासून गेली.

माझं मत विचाराल तर रॉथ प्रकारच्या आयआरएत टाका. त्यात टाकलेल्या पैशांची करपात्र उत्पन्नातून वजावट मिळत नाही, म्हणून गेलेल्या रिटर्नला सहसा हात लावावा लागत नाही. पासष्टीनंतरची ६,००० ची नवी वजावट दोघांनाही मिळालीच आहे, त्यामुळे ट्रॅडिशनलने (ज्याची वजावट मिळू शकते त्या आयआरएने) आणखी फार कर वाचणार नाही. आणि आपलं न्यू जर्सी राज्य तर आयआरएची वजावट देतच नाही. शिवाय रॉथमधून तुम्हाला हयातीत सक्तीने पैसे काढावे लागत नाहीत, आणि टाकलेली मुद्दल कधीही कर न भरता काढता येते.

तरी ट्रॅडिशनलच हवं असेल, तर आधी मूळ रिटर्नचा रिफंड येऊ द्या, मग १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्नचा फॉर्म) भरा. वजावट रिटर्नसोबतच्या शेड्यूल १ या पुरवणीच्या २० व्या ओळीत जाते. कारणाच्या जागी ‘२०२५ ची आयआरए रक्कम रिटर्ननंतर, मुदतीत भरली’ एवढं इंग्रजीत पुरे. दुरुस्त रिटर्नचं काम व्हायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. बाबा, डब्ल्यू-२ च्या १३ व्या चौकटीत ‘रिटायरमेंट प्लॅन’वर (नोकरीतल्या निवृत्ती योजनेवर) खूण आहे का तेवढं बघा. असेल तर जॉइंट उत्पन्न १,२६,००० च्या वर गेल्यावर तुमची वजावट घटू लागते, १,४६,००० ला संपते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे टाकताना स्क्रीनवर ‘टॅक्स इयर’ विचारतात, तिथे २०२५ निवडा. वर्ष सांगितलं नाही तर खातं सांभाळणारी कंपनी ते २०२६ चे धरते. चेक असेल तर खालच्या मेमोच्या ओळीत ‘२०२५ रॉथ आयआरए’ लिहा. नवीन बँक खातं जोडायला काही दिवस जातात, म्हणून एप्रिलचा पहिला आठवडा उलटू देऊ नका. दुसऱ्या दिवशी खात्याच्या हिस्ट्रीत वर्ष बरोबर पडलंय का बघा; चुकलं असेल तर १५ तारखेच्या आत फोन करून बदलून घ्या.

मेअखेरीस फॉर्म ५४९८ (आयआरएत किती टाकले ते सांगणारा) येईल. रॉथची रक्कम त्याच्या १० व्या चौकटीत असते. तो कुठे पाठवायचा नाही, फाइलला लावून ठेवा.

आई, तुझं खातं उघडायला शनिवारी व्हिडिओ कॉल करते. लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर आणि बँकेचं चेकबुक जवळ ठेव.

तुमची,
लेक